लहान काप घरी चिकटवायचा असेल तर: त्वचेचा गोंद कधी, कुठे आणि कसा वापरायचा

त्वचेचा गोंद, म्हणजे ज्याला आपण स्किन ग्लू म्हणतो, तो जखम भरत नाही. जखम शरीर भरतं. कातडीच्या दोन कडा एकमेकींना लागून राहाव्यात आणि वर पाणी-घाण न शिरू देणारा पातळ पापुद्रा बसावा, एवढंच गोंदाचं काम. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. गोंद जखमेच्या आत का घालायचा नाही, आधी इतकं धुवायचं कशाला, वरून मलम का चालत नाही, सगळ्याचं उत्तर त्यातच आहे. प्रत्यक्ष गोंद लावायला चार-पाच मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ रक्त थांबवण्यात, धुण्यात आणि मुळात हे घरी करावं का हे ठरवण्यात जातो. तो वेळ वाचवायचा असेल तर गोंदाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

## ट्यूबमध्ये असतं काय

या गोंदाचं रासायनिक कूळ सायनोॲक्रिलेट. 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. तेव्हा हा पदार्थ हाती लागला, पण तो दिसेल त्याला चिकटायचा, म्हणून वैतागून बाजूला ठेवला गेला. 1951 मध्ये त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि 1958 मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला. त्वचेच्या जखमा बंद करायला 2-ऑक्टिल सायनोॲक्रिलेटला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1998 मध्ये मान्यता दिली. ब्यूटिल प्रकारचा गोंद इतर काही देशांत त्याच्याही आधीपासून वापरात होता.

हा गोंद हवेने 'वाळत' नाही. त्वचेवरची किंचितशी ओल लागली की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्याचं घट्ट प्लास्टिक बनतं. या क्रियेत उष्णता निघते. थर पातळ असेल तर ती क्षणभर कोमट जाणवते. मोठा थेंब एकाच जागी साचला तर चांगलाच चटका बसतो. पातळ थर द्यायचा तो यासाठी.

आता घराघरात सापडणाऱ्या झटपट गोंदाबद्दल, म्हणजे सुपरग्लूबद्दल. 'आत तेच तर असतं' असं लोक म्हणतात आणि बिनधास्त लावतात. कूळ तेच, हे खरं. पण सुपरग्लूमध्ये बहुतेक वेळा एथिल सायनोॲक्रिलेट असतं. त्याची रेणूसाखळी आखूड असते, म्हणून शरीराच्या संपर्कात ते लवकर विघटित होतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे ऊतींना त्रास देणारे पदार्थ बाहेर पडतात. वैद्यकीय गोंदातल्या ऑक्टिल किंवा ब्यूटिलच्या साखळ्या लांब असतात, त्यामुळे विघटन संथ होतं. शिवाय सुपरग्लू ठिसूळ असतो. त्वचा हलली की त्याला तडे जातात आणि त्या टोकदार कडा कातडीला बोचतात. तो जास्त गरम होतो आणि निर्जंतुक केलेला नसतो. नखं किंवा पापण्या चिकटवण्याच्या गोंदाचीही गत वेगळी नाही. जखमेसाठी यांतलं काहीही वापरू नका.

तिसरा प्रकार 'लिक्विड बँडेज'. इथे गोंधळ होतो. हे द्रव खरचटलेल्या जागेवर किंवा अगदी वरवरच्या चिऱ्यावर पापुद्रा चढवण्यासाठी असतात. काहींत सायनोॲक्रिलेट असतं, तर काहींत नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवलेलं असतं. दुसऱ्या प्रकारचं लावल्यावर झोंबतं आणि ते ज्वालाग्राही असतं; जवळपास काही पेटलेलं नको. पण मुख्य मुद्दा असा की उघडलेल्या जखमेच्या कडा धरून ठेवायची ताकद त्यांच्यात नसते. वेष्टनावर 'जखमेच्या कडा जोडण्यासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो गोंद या कामाचा. दवाखान्यात वापरले जाणारे जास्त मजबूत गोंद अनेक देशांत फक्त वैद्यकीय व्यावसायिकांसाठी असतात. तुमच्या हातातली ट्यूब नेमकी कोणती आहे ते लेबल नीट वाचून ठरवा आणि लेबलावरची सूचना या लेखापेक्षा वेगळी असेल तर लेबलाचं ऐका.

## आधी ठरवा: चिकटवायची की दवाखाना गाठायचा

गोंदाला योग्य जखम म्हणजे ताजी, धारदार वस्तूने झालेली, सरळ आणि स्वच्छ. लांबी फार तर दोन-तीन सेंटिमीटर. डॉक्टर याहून लांब जखमाही चिकटवतात, पण घरी मी याच्या पुढे जाणार नाही. दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच लोटलं की कडा सहज एकमेकींना भिडल्या पाहिजेत. जोर लावावा लागला तर तिथल्या त्वचेवर ताण आहे आणि तो ताण गोंदाला पेलणार नाही. आणि दाबून धरल्यावर रक्त पूर्ण थांबलं पाहिजे.

हातावरचा, मनगट आणि कोपर यांच्या मधला काप, नडगीवरचा छोटा चिरा, दंडावरचा ओरखड्यापेक्षा जरा खोल काप या सोयीच्या जागा. कपाळ आणि गाल इथे गोंद उत्तम काम करतो. डॉक्टर लहान मुलांच्या चेहऱ्यावर तो आवर्जून वापरतात, कारण सुई टोचावी लागत नाही. तरीही चेहऱ्यावरचं काम घरी करू नये असं माझं मत आहे. कडा एक मिलिमीटर वर-खाली बसल्या तरी तो व्रण जन्मभर दिसतो, आणि डोळा जवळ असतो. त्यातून मूल रडून डोकं हलवत असेल तर प्रश्नच मिटला.

घरातले बहुतेक काप बोटांवर होतात, आणि गोंदासाठी नेमकी तीच अवघड जागा. बोटं सतत वाकतात, सतत भिजतात. सांध्यावरचा काप चिकटवला तर पहिल्याच मुठीत पापुद्रा फाटतो. दोन सांध्यांच्या मधला उथळ, सरळ काप असेल तर चालेल, पण तिथेही साध्या चिकटपट्टीने तेवढंच काम होणार असेल तर पट्टीच लावा. कडा आपणहून मिटलेल्या असतील, तर गोंदाने वेगळं काही साधत नाही.

पुढच्या जखमा घरी चिकटवायच्याच नाहीत. प्राण्याने किंवा माणसाने चावल्याची जखम. खिळा किंवा काटा खोल गेल्याची जखम, जिचं तोंड लहान आणि खोली जास्त असते. माती, गंज, शेण असं काही शिरलेली जखम. ओठ, तोंडाच्या आतली बाजू, पापणी, गुप्तांग. फाटून वेड्यावाकड्या झालेल्या किंवा चेंगरलेल्या कडा. आत पिवळट चरबी किंवा पांढरा दोरीसारखा स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) दिसणारी कोणतीही जखम. रक्ताच्या चिळकांड्या उडत असतील तर दाबून धरा आणि थेट रुग्णालय गाठा. डोक्यावरची जखमही डॉक्टरांवर सोडा. तिथे दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटांना पीळ देऊन त्यावर गोंदाचा थेंब टाकायची पद्धत आहे, पण ती सरावाच्या हाताची.

वेळेचंही गणित आहे. सकाळी कापलं आणि रात्री आठवलं अशी जखम बंद करू नये. साधारण सहा-आठ तासांनंतर आत जंतू वाढण्याची शक्यता बळावते आणि वरून बंद केल्यावर त्यांना आयतं बंदिस्त घर मिळतं. अशी जखम धुऊन, साधं ड्रेसिंग करून उघडीच भरू द्यावी, किंवा दाखवून घ्यावी.

माणूस कोण आहे, हेही पाहायचं. मधुमेह, पायांचा रक्तपुरवठा कमी असणं, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, जखमेवर जाड उंचवट्याचा व्रण म्हणजे केलॉइड येण्याची प्रवृत्ती असणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सायनोॲक्रिलेट किंवा फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी असलेल्यांना हा गोंद वर्ज्य. कृत्रिम नखांच्या किंवा पापण्यांच्या गोंदाने पूर्वी खाज, पुरळ आलं असेल तर तीही धोक्याची खूण समजा.

हात किंवा बोट कापलं असेल तर तीन गोष्टी तपासायच्या, आणि त्या वगळायच्या नाहीत. पहिली, जखमेच्या पुढचा प्रत्येक सांधा वाकवून आणि सरळ करून पाहा, दुसऱ्याने हलका विरोध केला असतानाही. हलत नसेल किंवा जोर लागत नसेल तर स्नायूबंध कापला गेला असू शकतो. दुसरी, बोटाच्या डाव्या आणि उजव्या कडेला हलका स्पर्श करा. एक बाजू बधिर असेल तर मज्जातंतूला इजा झाली असेल. तिसरी, नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. यांतलं काहीही बिनसलेलं दिसलं तर जखम कितीही लहान असो, ती चिकटवायची जखम नव्हे. वरून अर्धा सेंटिमीटरचा दिसणारा काप खाली स्नायूबंधापर्यंत गेलेला असू शकतो. विशेषतः काच लागलेली असेल तेव्हा.

## सामान

वाहतं स्वच्छ पाणी, साबण, निर्जंतुक गॉझ, बारीक टोकाचा चिमटा, गोंद, थोडी पेट्रोलियम जेली, चांगला उजेड. कागदी चिकटपट्ट्या, ज्या जखमेवर आडव्या लावून कडा जवळ आणतात, त्याही हाताशी असू द्या. गोंद बिघडला तर त्या तारून नेतात. गोंदाची मुदत संपलेली नाही ना आणि वेष्टन फाटलेलं नाही ना, हे आत्ताच बघा. एका हाताने कडा धरून दुसऱ्या हाताने ट्यूब फोडायच्या वेळी नव्हे.

कापूस नको. त्याचे तंतू जखमेत अडकतात, आणि सायनोॲक्रिलेट कापसात मुरलं की क्रिया इतकी जोरात होते की भाजू शकतं. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कपड्याने पुसायला जाऊ नका.

आणि एक माणूस. स्वतःच्या हातावरचा काप स्वतःच चिकटवणं जवळपास अशक्य आहे, कारण कडा धरायलाच एक हात लागतो.

## कृती

पहिली पायरी, रक्त थांबवणं. बोटात अंगठी असेल तर सगळ्यात आधी ती काढा. थोड्या वेळात बोट सुजतं आणि मग ती निघत नाही. हात साबणाने धुवा. गॉझची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तसंच धरा. कापलेला भाग हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. मध्ये उचलून बघायचं नाही. दर मिनिटाला 'थांबलं का' म्हणून डोकावलं की नुकती जमू लागलेली गुठळी सुटते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. गॉझ भिजला तर तो न काढता त्यावर दुसरा ठेवा. दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्यांनंतरही रक्त येत असेल तर इथेच थांबा, दाब तसाच ठेवा आणि दवाखान्यात जा.

दुसरी पायरी, धुणं. संसर्ग टाळण्यात सर्वांत मोठा वाटा या पायरीचा. जखम वाहत्या पाण्याखाली पाचेक मिनिटं धरा, कडा किंचित उघडून, म्हणजे पाणी आतपर्यंत पोचेल. पिण्यायोग्य स्वच्छ पाणी असेल तर सलाइनची गरज नाही. साध्या जखमांमध्ये नळाचं चांगलं पाणी तेवढंच काम देतं असं अभ्यासांमध्ये दिसलं आहे. साबण जखमेच्या आजूबाजूच्या त्वचेला लावा, आत नको. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत ओतायची सवय अनेकांना असते. फेस येतो, झोंबतं, म्हणून काहीतरी 'होतंय' असं वाटतं खरं, पण त्याने जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या पेशीही मरतात.

कण दिसला तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने उचला. निघत नसेल तर कोरू नका. काच फुटून लागलं असेल आणि आत तुकडा राहिल्याची शंका असेल, काहीतरी टोचतंय असं वाटत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. बहुतेक काच त्यात दिसते. तुकडा आत ठेवून वरून चिकटवणं म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गळवाची सोय.

धुतल्यावर थोडं रक्त पुन्हा येईलच. पुन्हा दाबा. ते थांबेपर्यंत पुढे जायचं नाही.

तिसरी पायरी, कोरडं करणं. आजूबाजूची त्वचा गॉझने टिपून घ्या, चोळू नका. ओल किंवा रक्त राहिलं तर गोंद त्वचेला धरायच्या आधी त्या रक्तातच घट्ट होतो. वर गठ्ठा तयार होतो, तो भाजतो आणि दुसऱ्या दिवशी सबंध खपलीसारखा निघून येतो. 'गोंद टिकलाच नाही' असं जे म्हणतात त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं.

चौथी पायरी, मांडणी. जखमेचा भाग टेबलावर असा ठेवा की पृष्ठभाग आडवा राहील. हे द्रव पाण्यासारखं पातळ असू शकतं आणि उतार मिळेल तिकडे धावतं. ज्या बाजूला ओघळायची भीती असेल तिकडे पेट्रोलियम जेलीची रेघ ओढून बांध घाला. मात्र ती जखमेपासून दीड-दोन सेंटिमीटर लांब असू द्या. जिथे जेली लागली तिथे गोंद धरत नाही.

पाचवी पायरी, कडा जुळवणं. काप सरळ असला तरी दोन्ही बाजू थोड्या सरकलेल्या असतात. त्वचेवरच्या सुरकुत्या, तीळ, रेषा यांच्या खुणेने दोन्ही बाजू जशा होत्या तशा आणा. मदतनीसाने बोटं जखमेपासून सेंटिमीटरभर लांब ठेवून दोन्हीकडून आत लोटायचं. कडा आत दुमडता कामा नयेत. दुमडल्या तर वरच्या मेलेल्या थराला मेलेला थर लागतो आणि तो जुळून येत नाही. दोन्ही कडा मिळून अगदी हलका उंचवटा दिसला तर उत्तम. फट दिसत असेल तर गोंद उघडू नका. त्या फटीतून तो आत उतरेल, कडांच्या मध्ये बसेल आणि ज्या दोन पृष्ठभागांनी एकमेकांना भेटायचं आहे त्यांनाच वेगळं ठेवेल. वर शरीर त्याला परकी वस्तू समजून सूज आणेल ते निराळंच.

सहावी पायरी, गोंद. आता ट्यूब किंवा कुपी उघडा, तोंड चेहऱ्यापासून दूर धरून. काही कुप्यांमध्ये आत काचेची नळी असते. ती बाहेरून चिमटीत दाबून फोडायची, मग टोकाचा बोळा ओला होईपर्यंत हलकेच दाबायचं. पहिला थेंब गॉझच्या कोपऱ्यावर सोडा, म्हणजे किती दाबलं की किती येतं याचा अंदाज येतो. तो गॉझ बोटांपासून लांब ठेवा.

मिटलेल्या रेषेवरून टोक हलकेच फिरवत एक पातळ थर द्या. टोकाने जखम दाबायची नाही, नाहीतर कडा पुन्हा उघडतात. थर रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा ते एक सेंटिमीटर पसरलेला हवा, आणि दोन्ही टोकांच्या पुढेही थोडा. पकड मिळते ती या पसरलेल्या भागाने, रेषेवरच्या गोंदाने नव्हे. डब्यावर झाकण बसतं तसं हे आहे. गोंद वर राहतो, आत जात नाही.

ऑक्टिल प्रकारच्या गोंदाला साधारणपणे दोन ते तीन पातळ थर देतात, दोन थरांमध्ये सुमारे अर्धा मिनिट थांबून. कडा शेवटच्या थरानंतरही मिनिटभर धरून ठेवायच्या. पूर्ण ताकद यायला आणखी दीड-दोन मिनिटं लागतात. ब्यूटिल प्रकाराला अनेकदा एकच थर पुरतो आणि तो लवकर घट्ट होतो, पण जास्त कडक राहतो. तुमचा कोणता, ते लेबल सांगेल. तोंडाने फुंकर घालू नका. त्याने गोंद लवकर बसत नाही, तोंडातले जंतू मात्र बसतात.

थोडी ऊब जाणवणं ठीक. चटका बसला तर थर जाड झाला आहे; पुढचा थर देऊ नका.

सातवी पायरी, तपासणं. बोटं सावकाश बाजूला घ्या आणि चांगल्या उजेडात बघा. रेषा मिटलेली असावी, पापुद्रा सलग असावा, खालून रक्त झिरपत नसावं. एका टोकाला केसाएवढी फट राहिली असेल तर तिथे कागदी पट्टी आडवी लावा, गोंदापलीकडच्या त्वचेवर टेकवून. कडा चुकीच्या जुळल्या असतील किंवा गोंद आत उतरला असेल, तर ओढून काढू नका आणि त्यावर आणखी थरही चढवू नका. ही जखम आता डॉक्टरांनीच बघावी.

वर ड्रेसिंगची गरज नसते. लहान मूल खाजवेल किंवा कपडा घासेल अशी जागा असेल तर कोरडा गॉझ सैलसर गुंडाळा. चिकटपट्टी थेट पापुद्र्यावर लावू नका. ती काढताना पापुद्राही तिच्याबरोबर येतो.

## पुढचे दिवस

पहिला दिवस जागा पूर्ण कोरडी ठेवा. त्यानंतर झटपट अंघोळ चालते, पण लगेच टिपून घ्या. पोहणं, टबात बसणं, भांडी किंवा कपडे धुताना तासभर हात पाण्यात बुडवून ठेवणं हे पापुद्रा गळेपर्यंत बंद.

मलम, तेल, पेट्रोलियम जेली, अँटिबायोटिक क्रीम यांतलं काहीही त्यावर लावायचं नाही. हे लोकांना पटत नाही, कारण जखमेला मलम लावणं अंगवळणी पडलेलं असतं. पण तेलकट पदार्थ या गोंदाला सैल करतात. गोंद मुद्दाम काढायचा असतो तेव्हा त्यांचाच उपयोग होतो. पापुद्रा असताना मलम जखमेपर्यंत पोचतही नाही.

पापुद्रा पाच ते दहा दिवसांत आपोआप सुटतो. वरची त्वचा झडते, तिच्याबरोबर तोही जातो. कडेने सुटून वर आलेला तुकडा कात्रीने कापा. सोलत बसू नका. तो गळून पडला म्हणून आतली जोडणी पूर्ण झाली असं मात्र नाही. तीन आठवड्यांनंतरही त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे एक पंचमांशच असते, आणि पुढे कितीही महिने गेले तरी साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर ती जात नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे तिथे ओढाताण होईल असं काम टाळा.

पहिले एक-दोन दिवस कडेला बारीक लाल रेघ, किंचित सूज आणि हात लावल्यावर दुखणं हे स्वाभाविक आहे. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. उलट ते वाढलं, ठसठसू लागलं, लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पापुद्र्याखाली पू किंवा गढूळ द्रव साचला, ताप आला किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. संसर्ग झाल्यावर पापुद्रा पू आतच कोंडून ठेवतो, म्हणून 'उद्या बघू' हे इथे महागात पडतं.

जखम मध्येच उघडली तर? पुन्हा चिकटवू नका. एक-दोन दिवसांची उघडी जखम ताजी राहिलेली नसते. धुवा, स्वच्छ गॉझ बांधा, दाखवून घ्या. टाक्यांच्या तुलनेत गोंदाने जोडलेली जखम उघडण्याचं प्रमाण थोडं जास्तच असतं. साध्या, ताण नसलेल्या कापांमध्ये व्रण मात्र दोन्हींनी सारखाच येतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे आठवून पाहा. सर्वसाधारण नियम असा की आधीचे डोस पूर्ण झालेले असतील तर स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षांहून जास्त आणि मळलेल्या जखमेला पाच वर्षांहून जास्त काळ लोटला असेल तर पुन्हा डोस घ्यावा. आठवतच नसेल तर डॉक्टरांना विचारा.

व्रण गडद होऊ नये म्हणून नवी त्वचा उन्हापासून जपावी लागते, आणि ते वर्षभर. पापुद्रा गळून त्वचा पूर्ण मिटली की सनस्क्रीन लावायला हरकत नाही.

## भेगांसाठी

कोरड्या हवेत बोटांच्या टोकांना किंवा टाचांना ज्या उभ्या भेगा पडतात, त्यांच्यासाठी हे द्रव फार कामाचं आहे. रोजच्या घरगुती वापरात कापांपेक्षा याच कामाला ते जास्त उपयोगी पडतं, असं मला वाटतं. भेग धुऊन कोरडी करा, मिटवून धरा आणि वरून एक पातळ थर द्या. त्यासाठी लिक्विड बँडेजही चालतं. हवा आणि घर्षण आत पोचणं थांबलं की दुखणं लगेच कमी होतं. भेग खोल असेल, रक्त येत असेल, किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर मात्र नाही.

## नको तिथे चिकटला तर

दोन बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका, कातडी सोलून निघेल. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून बोटं एकमेकांवर हळूहळू घोळवा. पेट्रोलियम जेली चोळूनही सैल होतात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातलं ॲसिटोन हा गोंद विरघळवतं, पण ते फक्त अखंड त्वचेवर वापरा; जखमेवर किंवा डोळ्यांजवळ नको.

डोळ्यात किंवा पापण्यांवर गेला तर लगेच भरपूर कोमट पाण्याने धुवा. पापण्या चिकटल्या असतील तर जोर लावून उघडू नका, ॲसिटोन तर लांबच ठेवा. डोळा ओल्या गॉझने झाका आणि डॉक्टरांकडे जा. ओठ चिकटले तर बाहेरून कोमट पाण्याने भिजवत राहा. लाळेने आतून ते सुटत जातात.

एकदा फोडलेली कुपी पुढच्या वेळेसाठी ठेवायची नसते. उरलेला गोंद तासाभरात नाही तर रात्रीत घट्ट होतो, आणि झाला नाही तरी तो आता निर्जंतुक नसतो. कुपीत काच असेल तर ती कागदात गुंडाळूनच टाका. न उघडलेल्या कुप्या थंड, कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. डोळ्यांच्या थेंबांच्या शेजारी तर कधीच नको, कारण दोन्ही बाटल्या दिसायला इतक्या सारख्या असतात की अर्धवट झोपेत हात चुकतो.